बाटलीतली बिडी

दादाने बिडी सोडावी म्हणून मी आठ महिने घरच्या घरी बिडीच्या चवीचं पाणी बनवत होतो, असं कुणाला सांगितलं तर ऐकणारा आधी हसतो. तेव्हा मलाही हसू यायचं. मी अमरावतीत राजापेठेला रसायनशास्त्राची शिकवणी घेतो. अकरावी-बारावीच्या पोरांना मी वर्षानुवर्षं बजावत आलोय की अंदाजपंचे काही करायचं नाही. मोजायचं, लिहायचं आणि पुन्हा करून पाहायचं. आणि मीच स्वतःच्या स्वयंपाकघरात, मिक्सरच्या शेजारी, ग्लिसरीनमध्ये तंबाखू भिजत घालून त्याचा वास घेत बसायचो. बायकोने एकदाच सांगितलं की हा कारखाना बाल्कनीत न्या. मी नेला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पेनापेक्षा थोडं जाड असं एक यंत्र असतं, त्याला पोरं व्हेप म्हणतात. त्याच्या पोटात एक टाकी, टाकीत घट्टसर पाणी, त्या पाण्यात निकोटीन आणि चव. बटण दाबलं की आतली तार तापते, वाफ निघते, ती ओढायची. धूर नाही, राख नाही. आपल्याकडे हे विकायला बंदी आहे आणि ती असावी असंच आता मला वाटतं. मला ते एका जुन्या मित्राने बाहेरून आणून दिलं होतं आणि त्याच्या जोरावर मी माझी वीस वर्षांची सिगारेट सोडली होती. म्हणजे सिगारेट सोडली आणि हे धरलं. पण हा दुसरा भाग मी कुणाला सांगत नसे. नवीनच माळ घातलेल्या माणसाला जसं सगळ्या गावाचं मटण सोडवायचं असतं, तसं माझं झालं होतं.

दादा माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठा. तो बाळापूरकडे गावातच राहिला. अडीच एकर काळी जमीन, विहीर, आणि त्यात फुलं: निशिगंध, शेवंती, कडेने गलांडा. फुलं पहाटे तोडायची आणि उजाडायच्या आत अकोल्याला पोचवायची, हे त्याने चाळीस वर्षं केलं. बाप गेला तेव्हा मी सहावीत होतो. पुढचा माझा बाप तोच. मला अमरावतीला शिकायला त्यानेच पाठवलं, आणि पाठवलं ते असं की मी परतलोच नाही. दिवाळीला जायचो, कुणाचं लग्न किंवा तेरवी असली तर जायचो. फोनवर आमचं बोलणं एका मिनिटात संपायचं. पाऊस कसा आहे, पोरं कशी आहेत, ठेवू का.

बिडी त्याला पंधराव्या वर्षापासून. दिवसाला दोन बंडलं. मागच्या वर्षी गणपतीच्या सुमाराला त्याला धाप लागायला लागली. विहिरीपासून घरापर्यंत येताना तो मध्ये दोनदा थांबतो असं वहिनींनी फोनवर सांगितलं, तेव्हा मी त्याला अकोल्याच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर तरुण होता, पण गोडगोड बोलणारा नव्हता. छातीचा फोटो उजेडासमोर धरून त्याने सांगितलं की गेलेलं फुफ्फुस परत येत नाही. आज बिडी सोडली तर जे उरलंय ते बरीच वर्षं पुरेल. नाही सोडली तर वर्षभरात काय होईल ते मी सांगत नाही, असं तो म्हणाला, आणि सांगितलंच नाही. दादा मान हलवत होता. दवाखान्याच्या फाटकाबाहेर येऊन त्याने खिशातून बंडल काढलं.

मी तिथे त्याच्या हातातून ते हिसकावून घ्यायला हवं होतं. पाया पडायला हवं होतं, भांडायला हवं होतं, दवाखान्यासमोर रडून तमाशा करायला हवा होता. पण ज्याने आपल्याला वाढवलं त्याच्या हातातून बिडी कशी हिसकावायची? आमच्या घरात तशी रीतच नव्हती. मग मी माझ्या खिशातलं ते यंत्र काढून त्याला दाखवलं. म्हटलं, हे बघ, यात बिडीसारखीच चव भरता येते. तुला सोडल्यासारखं वाटणारच नाही.

पहिल्या रविवारी मी त्याच्यासाठी एक जास्तीचं यंत्र आणि माझ्याकडची तयार बाटली घेऊन गेलो. तिच्यावर तंबाखूचं पान छापलेलं होतं, पण वास सगळा बेकरीतल्या गरम बिस्किटाचा. दादाने एक झुरका घेतला, वाफ नाकातून सोडली, आणि आढ्याकडे बघत बराच वेळ विचार केला. मग म्हणाला की हे गोड आहे, लग्नातलं पान खाल्ल्यासारखं वाटते. मला आनंद झाला. माणूस बघता बघता तयार झाला होता! चव तेवढी जुळवायची राहिली होती, आणि चव जुळवणं हे तर माझ्याच विषयातलं काम.

तेव्हा मी एक नियम ठरवला. मीच ठरवला, दादाने नाही. चव जुळेपर्यंत बिडी चालू ठेवायची, जुळली की त्याच दिवशी बंद. कारण अर्धवट चवीवर त्याला आणलं तर तो आठवड्यात परत फिरेल, असा माझा हिशेब होता. शिकवणाऱ्या माणसाला आपली पद्धत फार आवडते. डॉक्टरने ‘आज’ म्हटलं होतं, त्याचं मी ‘जुळेल तेव्हा’ करून टाकलं, आणि मला त्यात काही चुकतंय असं वाटलंसुद्धा नाही.

मग दर रविवारी निघायचो. सकाळची अकोल्याची एसटी, अकोल्यावरून बाळापूरची, पुढे गावापर्यंत कुणाच्या तरी गाडीवर. पिशवीत छोट्या छोट्या बाटल्या, प्रत्येकीवर चिठ्ठी. वहीत मी नोंदी ठेवल्या होत्या आणि ती वही अजून माझ्याकडे आहे. तिसऱ्या बाटलीत खायचा तंबाखू भिजवला होता; तो ओढला की घशाला नुसती आग, आणि मागून ओल्या गोणपाटाचा वास. चौथीत बिडी उकलून तिच्यातलाच जर्दा घातला. मला वाटलं, आता संपलं काम. पण जर्दा जळतो तेव्हाची चव वेगळी आणि भिजतो तेव्हाची वेगळी. वाफेत त्याला सुकलेल्या मनुक्यासारखा एक आंबूस वास यायचा. दादाने तीन झुरके घेतले आणि म्हणाला, “जवळ आलं बे. पन बिडी नाई हे.”

काय कमी आहे, असं मी विचारलं. माझ्या हातात वही होती. त्याने डोळे मिटून घेतले आणि म्हणाला की याला पानाचा वास नाही. बिडीत अर्धी चव पानाचीच असते.

मी अक्षरशः थक्क झालो. बरोबरच होतं! बिडीचं पान म्हणजे तेंदूचं पान, ते जळतं म्हणून बिडी सिगारेटीपेक्षा वेगळी लागते. हे मला सुचलं नव्हतं आणि माझ्या सातवी शिकलेल्या भावाला सुचलं. पुढचे दोन महिने मी त्या पानामागे लागलो. मेळघाटातल्या एका ओळखीच्या मास्तरांकडून वाळकी पानं मागवली, ती तव्यावर करपवली, कमी करपवली, जास्त करपवली. बाटली नंबर सात, आठ, नऊ. आठवी मला स्वतःला इतकी आवडली की आठवडाभर मीच ती ओढत होतो. दादा म्हणाला की करपट जरा जास्त झालं. नववीला म्हणाला की आता करपट बसलं, पण तंबाखू मागे पडला.

एक गोष्ट मला तेव्हाच दिसायला हवी होती. मी प्रत्येक बाटली त्याच्या हातात देण्याआधी त्यात काय घातलंय, काय वाढवलंय, काय कमी केलंय हे सगळं त्याला सांगत होतो. पानाबद्दलसुद्धा मीच आधीच्या रविवारी बोलताबोलता काहीतरी बोललो होतो, हे मला वही चाळताना फार नंतर कळलं. म्हणजे उत्तरपत्रिका मुलाच्या हातात देऊन मी त्याची परीक्षा घेत होतो आणि त्याच्या हुशारीने गहिवरत होतो.

पण ते रविवार चांगले होते. हे लिहायला हात जड होतो, तरी खोटं कशाला लिहू. आम्ही विहिरीजवळच्या बाभळीखाली बसायचो. झुरके दोन-तीनच, बोलणं तीन-तीन तास. त्याने पहिली बिडी कुणाची चोरून ओढली, बाप कसली तपकीर ओढायचा, मी लहानपणी शेवंतीच्या वाफ्यात कसा झोपून गेलो आणि सगळं गाव मला शोधत फिरलं. हे मला काहीच माहीत नव्हतं. एवढ्या वर्षांत आम्ही दोघं असे कधी बसलो नव्हतो. मध्येच त्याला धाप लागायची, मग तो गप्प होऊन गुडघ्यावर हात ठेवून बसायचा, आणि मी वहीत काहीतरी लिहितोय असं दाखवायचो. धाप गेली की तो एक बिडी पेटवायचा. मी बोलायचो नाही. नियम माझाच होता.

असं करता करता एप्रिल आला. या पाण्याचं एक असतं की ते केल्या केल्या ओढलं तर कच्चं लागतं, पंधरवडाभर ठेवावं लागतं. अंधारात ठेवायचं, थंड जागी. अकरावी बाटली मी गावीच केली, कारण त्या दिवशी जर्दा ताजा मिळाला होता, आणि वहिनींच्या हातात देऊन सांगितलं की ही मुरायला ठेवा, मी दोन आठवड्यांनी येतो.

मुरायला ठेवा, एवढंच म्हणालो. अंधारात म्हणालो नाही. आमच्या वहिनींच्या हातचं लिंबाचं लोणचं नात्यागोत्यात प्रसिद्ध आहे. मुरायला ठेवायचं म्हणजे काय ते त्यांना मी शिकवावं, अशी परिस्थिती नव्हती. त्यांनी ती बाटली काचेच्या लहान बरणीत ओतली, तोंडाला धुतलेलं फडकं बांधलं, आणि बरणी गच्चीवर लोणच्याच्या रांगेत मांडली. रोज संध्याकाळी हलवून खाली आणायच्या, सकाळी परत वर. आणि अकोल्याकडचं एप्रिलचं ऊन काय असतं हे बाहेरच्या माणसाला सांगून कळत नाही. तिथे भर दुपारी बादलीतल्या पाण्यात हात घालवत नाही. पंधरा दिवस त्या उन्हात ते पाणी शिजत राहिलं.

दोन आठवड्यांनी मी पोचलो तेव्हा एसटीने उशीर केला होता. दादाने वाट न पाहता ओसरीवर बसून यंत्र भरून सुरुवात केली होती. मला बघून त्याने हात वर केला आणि म्हणाला की आजवरच्या सगळ्यांत हेच खरं जवळचं आहे, पानाचा वास तेवढा अजून किंचित वाढव.

मला धावत जाऊन मिठी मारावीशी वाटली. त्याच्या हातून यंत्र घेतलं आणि मीही एक झुरका घेतला.

तो माझ्या घशाखाली उतरलाच नाही. जिभेवर मिरीची पूड, घशात करपलेलं रबर, आणि मागे असा काही कडू दर्प की डोळ्यांत पाणी आलं. खोकत खोकत मी बाहेर थुंकलो. टाकी उजेडात धरली तर आतलं पाणी काकवीसारखं काळं झालं होतं. वहिनी दारात उभ्या होत्या. त्यांनी घाबरून सगळं सांगितलं: बरणी, फडकं, गच्ची. काही चुकलं का, असं विचारलं. मी त्यांच्याकडे पाहत नव्हतो. मी दादाकडे पाहत होतो. तो हेच पाणी अर्धा तास ओढत बसला होता आणि त्याच्या कपाळावर आठीसुद्धा नव्हती.

मी तसाच वळलो. आत गेलो, टाकी धुतली आणि तिच्यात नुसतं ग्लिसरीन भरलं. त्यात तंबाखू नाही, पान नाही, निकोटीन नाही, काहीच नाही. बाहेर येऊन त्याला दिलं. पहिल्यांदाच, काय घातलंय ते न सांगता दिलं. त्याने झुरका घेतला, आढ्याकडे पाहिलं, पुष्कळ विचार केला, आणि म्हणाला की हे थोडं कडक झालं.

मग त्याची नजर माझ्या तोंडाकडे गेली आणि त्याने यंत्र हळूच खाली ठेवलं.

“त्यायले वासच येत नाई, भाऊजी,” दारातून वहिनी म्हणाल्या. “कोरोनाचा ताप आलता ना, तवापासून. वास नाई न् चवबी नाई. भाजीत मीठ पडलं का नाई, तेबी मालूम पडत नाई. तुमाले सांगू नोको म्हने.”

मला सगळं एकदम दिसलं. निशिगंधाच्या काड्या वास घेऊन निवडायला आता दादाऐवजी वहिनी का बसायच्या. ताटातलं काहीही तो मुकाट का जेवायचा. बिडीचीसुद्धा चव त्याला लागत नव्हती, नुसती हाताला सवय होती. जिच्या चवीसाठी मी मेळघाटातून पानं मागवली, ती चव त्याच्यासाठी तापातच मेली होती. पहिल्याच रविवारी ती बिस्किटाची बाटली त्याच्या खिशात घातली असती तरी चाललं असतं. साधं पाणी चाललं असतं. आणि मी तुला तेव्हाच बिडी बंद करायला लावली असती, दादा. आठ महिने तू दोन-दोन बंडलं ओढत राहिलास, माझी परवानगी घेऊन.

कावून, असं का केलंस, एवढंच मी त्याला विचारलं. माझा आवाज चढला होता. मोठ्या भावावर मी आयुष्यात पहिल्यांदा ओरडलो असेन.

तो ओशाळला होता. पोरगं चोरी करताना सापडावं तसा खाली बघत होता.

“मी पह्यल्याच बाटलीले बरी हाये म्हनलं असतं,” तो म्हणाला, “तं तू ते इथंच ठेवून गेला असता. मंग थेट दिवाईले आला असता. सांग, दर ऐतवारी येत होता काय बे?”

“येत होतो,” मी त्याच्याच बोलीत म्हणालो, म्हणजे तरीही आलो असतो.

तो हसला नाही, रागावलाही नाही. बरं, म्हणाला.

मी जेवायलाही थांबलो नाही. बाटल्या, बरणी, दोन्ही यंत्रं, सगळं पिशवीत कोंबलं आणि वाटेत नदीकाठच्या उकिरड्यावर फेकून दिलं. एसटीत बसलो. मला त्याचा राग आला होता. माझा वेळ वाया घालवला याचा नाही. त्याने आपले श्वास देऊन माझे रविवार घेतले, आणि हा व्यवहार मला न विचारता केला, याचा. आपण इतके महाग असू हे मला सहन होत नव्हतं. आणि आपण इतके दुर्मीळ होतो, हे तर अजिबातच नाही. अमरावतीला उतरल्या उतरल्या मी बसस्टँडसमोर सिगारेट घेतली. दीड वर्षानंतरची पहिली.

त्यानंतरचा रविवार आला. मी गेलो नाही. त्याला जरा कळू दे, असं मनात होतं. दिवसभर सराव परीक्षेचे पेपर तपासले, जे सोमवारी तपासले असते तरी चाललं असतं. दुसऱ्या रविवारी गाडी दुरुस्तीला टाकली आणि तिच्याजवळ उभा राहिलो. मेकॅनिक म्हणाला की साहेब, तुम्ही घरी जा, झाली की फोन करतो. मी तरी उभा राहिलो. तिसऱ्या रविवारी काय केलं तेही आठवतं. दुपारी जेवून झोपलो. चांगली झोप लागली. मधल्या दिवसांत फोन करायला हरकत नव्हती, पण काय बोलायचं हे कळत नव्हतं. चव नाही, बाटली नाही, वही नाही. मग आम्हा दोघांत बोलायला असं काय होतं?

बुधवारी वहिनींचा फोन आला. त्याला अकोल्याला भरती केलं होतं.

मी नऊ दिवस तिथे होतो. तो नळ्यांमध्ये होता, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, बोलणं जवळजवळ बंद. तोच तरुण डॉक्टर होता. त्याने मला काही सुनावलं नाही, मागची आठवणसुद्धा करून दिली नाही. मी रोज सकाळपासून खाटेजवळ बसायचो. एकदा दादाने माझा हात धरून बराच वेळ ठेवला. त्याची बोटं बिडीने पिवळी पडलेली होती आणि त्यांत जोर काहीच नव्हता. मी त्याला म्हणालो की आता मी दर रविवारी येईन. त्याने मान हलवली, पूर्वी डॉक्टरसमोर हलवली होती तशीच. दहाव्या दिवशी सकाळी तो गेला.

तेरवीपर्यंत मी गावातच होतो. वहिनी आता फुलं एकट्याने बघतात, मुलगी-जावई मदतीला येऊन जातात. मी महिन्यातून दोनदा जातो. आमचं बोलणं होतं, साधंच. पाण्याचं, मजुरांचं, शेवंतीच्या रोपांचं. त्या मला ताटभर वाढतात आणि सोबत लोणचं देतात. मी खातो.

एक गोष्ट मी त्यांना विचारलेली नाही. “येत होतो” असं दादाच्या तोंडावर सांगून मी गेलो, आणि नंतर तीन रविवार फिरकलो नाही. त्या तीन रविवारी सकाळी तो कुठे बसला होता, काही म्हणाला का, एसटीच्या वेळेला त्याने काय केलं? वहिनींना सगळं माहीत आहे आणि त्यांना खोटं बोलता येत नाही. विचारलं तर त्या सांगतील, म्हणून मी विचारत नाही.